चिनी नववर्ष

चीनच्या पारंपरिक पंचांगातील पहिल्या महिन्याचा पहिला दिवस. चीनमध्ये त्याचे रूढ नाव ‘चुनज्ये’ म्हणजे वसंतोत्सव. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यानच्या अमावस्येला तो येतो : २०२५ साली २९ जानेवारी, २०२६ साली १७ फेब्रुवारी. चिनी महिना अमावस्येच्याच दिवशी लागतो, महाराष्ट्रातला तिच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे हा सण आपल्या पौष किंवा माघ अमावस्येच्या आसपास पडतो. २०२५ मध्ये सहावा महिना अधिक आल्याने पुढचे नववर्ष इतके लांबले. ज्या चांद्रमासात सूर्याचे राश्यंतर होत नाही तो अधिक, हे तत्त्व दोन्ही पंचांगांत सारखेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या सणाची नोंद मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

तयारी बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवसापासून (दक्षिणेत चोविसाव्या) सुरू होते. त्या दिवशी चुलीचा देव घरातल्यांच्या वागणुकीचा हिशेब द्यायला स्वर्गात जातो, म्हणून त्याच्यापुढे माल्टची चिकट मिठाई ठेवतात आणि त्याचे जुने चित्र जाळतात. तोंड गोड झाले किंवा निदान चिकटले, तर तक्रार होत नाही! मग घर झाडून काढायचे. केर नव्या वर्षाआधीच बाहेर गेला पाहिजे. पहिल्या दिवशी झाडणे म्हणजे लक्ष्मी झाडून टाकणे.

दारावर शुभेच्छांच्या दोन जोडओळी लिहिलेल्या लाल कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवतात. दोन्ही ओळींतली अक्षरसंख्या सारखी, बहुधा सात. चिनी भाषेत अक्षराच्या उच्चाराचे चार चढउतार, म्हणजे स्वराघात असतात. पहिल्या ओळीचे शेवटचे अक्षर तिसऱ्या किंवा चौथ्या स्वराघाताचे, दुसरीचे पहिल्या किंवा दुसऱ्या. नेमकी चूक होते ती बाजूंची. जुन्या रीतीने पहिली ओळ दाराकडे तोंड करून उभे राहणाऱ्याच्या उजव्या हाताला लागते. पण वरची आडवी पट्टी आजच्यासारखी डावीकडून वाचायची असेल, तर ती डावीकडे जाते. वर्षभरात घरात मृत्यू झाला असेल, तर लाल पट्ट्या लावत नाहीत.

वर्षाच्या शेवटच्या रात्री सारे कुटुंब एकत्र जेवते. ताटात अख्खा मासा असतो आणि तो थोडा शिल्लक ठेवतात, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या शब्दांचा उच्चार एकच. दक्षिणेत चिकट तांदळाचा ‘न्येनगाओ’ करतात, उत्तरेत ‘जिआओझी’, म्हणजे पारीत सारण भरून उकळलेल्या करंज्या. जिआओझीसाठी ५०० ग्रॅम मैदा सुमारे २५० मिली गार पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवतात. डुकराच्या खिम्यात घालायची चिनी कोबी आधी मीठ लावून घट्ट पिळावी लागते. नाहीतर पाणी सुटून पारी भिजते आणि फाटते. पारी मध्यभागी जाड, कडेला पातळ. कडेला सारणाचे तेल लागले तर तोंड मिटत नाही. उकळत्या पाण्यात सोडताच झाऱ्याच्या पाठीने हलकेच ढकलतात, म्हणजे ती तळाला बसत नाहीत. उकळी आली की वाटीभर गार पाणी, असे तीनदा. सतत खळाखळा उकळू दिले, तर आतले मांस शिजण्याआधी पारी फुटते. तरीही एखादे फुटलेच, तर त्या रात्री ‘फुटले’ म्हणत नाहीत, ‘कमावले’ म्हणतात. एकात नाणे दडवतात. ते ज्याच्या दाताखाली येईल त्याचे वर्ष भाग्याचे.

मुलांना लाल पाकिटातून पैसे देतात. नोटा कोऱ्या, रक्कम सम. पण चारचा आकडा नको, त्याचा उच्चार ‘मृत्यू’शी जुळतो. पाकीट दोन्ही हातांनी घ्यायचे, देणाऱ्यासमोर उघडायचे नाही. दक्षिणेतल्या कँटोनी लोकांत विवाहितांनी अविवाहितांना द्यायची पद्धत आहे, मग वय काहीही असो. २०१४ पासून वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवरूनही पाकिटे जाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सासुरवाशिणी नवऱ्यासह माहेरी जातात. पाचव्या दिवशी धनदेवतेचे स्वागत होते आणि सणातली बरीच बंधने सुटतात, साठलेला केरही बाहेर जातो. फटाक्यांवर मात्र अनेक शहरांत निर्बंध आहेत. बीजिंगने १९९३ मध्ये बंदी घातली, २००६ च्या सणाला ती सैल केली आणि पुढे पुन्हा आवळली. पंधराव्या दिवशी, पौर्णिमेच्या सुमारास, कंदील लावून व तिळाच्या सारणाचे चिकट तांदळाचे गोळे खाऊन सण संपतो.