‘लघुतम’ कशाला म्हणायचं? कार्बनी संयुगांच्या नावांमागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात अकरावीच्या वर्गात फळ्यावर दहा कार्बनांची साखळी काढा, तीन मिथाइल (एका कार्बनच्या) फांद्या लावा आणि नाव विचारा. नावात फांदी कितव्या कार्बनवर आहे तो अंक येतो, आणि नियम सांगतो की हे अंक ‘लघुतम’ हवेत. बरीच मुलं साखळीला दोन्ही बाजूंनी अंक टाकून फांद्यांच्या अंकांची बेरीज करतात. एकीकडून 2, 7, 8 म्हणजे 17. दुसरीकडून 3, 4, 9 म्हणजे 16. बेरीज कमी, म्हणून 3,4,9-ट्रायमिथाइलडेकेन. उत्तर चूक आहे, आणि चूक मुलांची नाही, त्यांना तसंच शिकवलं गेलं आहे.

जुनी नावं उगमावरून पडली: मुंगीवरून फॉर्मिक, व्हिनेगरवरून ॲसिटिक. आपल्याकडे मळीपासून निघणाऱ्या इथेनॉलला आजही स्पिरिटच म्हणतात. पण संरचनेबाबतच एकमत नव्हतं. 1861 सालच्या एका जर्मन पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक ॲसिडची 19 सूत्रं नोंदलेली आहेत. 1892 मध्ये नावांचे नियम ठरवायला जिनिव्हात 34 रसायनशास्त्रज्ञ बसले आणि सर्वांत लांब साखळी हा नावाचा पाया ठरला. 1930 मध्ये बेल्जियममधल्या लिएजला त्यात दुरुस्त्या झाल्या.

अंक ‘लघुतम’ हवेत, यावर वाद नव्हता. गोंधळ झाला तो या शब्दाच्या अर्थाचा. नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (IUPAC) 1979च्या नियमावलीत अर्थ स्वच्छ दिला आहे: दोन्ही मालिका चढत्या क्रमाने लिहायच्या, एकेक अंक ताडून बघायचा, आणि जिथे पहिला फरक पडतो तिथे ज्या मालिकेचा अंक लहान, ती लघुतम. शब्दकोशात शब्द लावतात तसंच. वरच्या उदाहरणात 2 हा 3 पेक्षा लहान, निकाल तिथेच लागला: 2,7,8-ट्रायमिथाइलडेकेन. पुढचे 7 आणि 8 बघायचेच नाहीत. बेरजेचा तिथे उल्लेखही नाही.

मग बेरीज टिकली कशी? कारण सरळ साखळीवर एक किंवा दोनच फांद्या असतील, तर दोन्ही रीतींचं उत्तर नेहमी एकच येतं. फरक पडू शकतो तो तिसऱ्या फांदीपासून. सरावातली उदाहरणं बहुतेक दोन फांद्यांची, त्यामुळे चुकीची रीत वर्षानुवर्षं बरोबर उत्तरं देत राहिली. ‘सोपी पडते’ हे तिचं समर्थन मला पटत नाही. पहिला फरक शोधणं बेरजेहून सोपं आहे.

पुढचे बदल वेगळ्या स्वरूपाचे. 1993 मध्ये अंक ‘ऑल’सारख्या प्रत्ययाच्या शेजारी गेला, 2-ब्युटेनॉलचं ब्युटेन-2-ऑल झालं. IUPACच्या 2013 च्या शिफारशींनी मोठा धक्का दिला: मुख्य साखळी निवडताना दुहेरी बंधाआधी लांबी बघायची. त्यामुळे 2-इथाइलपेंट-1-ईन आता 3-मिथिलिडीनहेक्सेन. वर्गात अजून पहिलंच नाव चालतं. त्याच शिफारशींनी ॲसिटिक ॲसिड हेच पसंतीचं नाव म्हणून कायम ठेवलं. पाठ्यपुस्तकातून मुलं पाठ करतात ते इथॅनॉइक ॲसिड तिथे दुय्यम आहे.