सिगारेटी किती, त्याहीपेक्षा किती वर्षे

धूम्रपानाने आयुष्य नेमके किती घटते, हे कळायला अर्धे शतक लागले. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्या सवयी ताडून पाहिल्या. पण आजारी माणसाने आठवून सांगितलेल्या सवयींवर आक्षेप येणारच. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच छोटी प्रश्नावली पाठवली आणि ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयी व मृत्यूची कारणे २००१ पर्यंत नोंदली.

पहिल्या २० वर्षांच्या आकड्यांनी धोका बराच कमी दाखवला. त्या काळात वारलेल्या वयस्क डॉक्टरांपैकी अनेकांनी तरुणपणापासून सलग सिगारेट ओढलेलीच नव्हती. तरुणपणापासून सलग ओढत आलेली पिढी म्हातारी झाली तेव्हा खरे चित्र दिसले: १९०० ते १९३० दरम्यान जन्मलेले धूम्रपान करणारे डॉक्टर, कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी गेले.

कारण फुफ्फुसाच्या कर्करोगाला रोजच्या संख्येपेक्षा वर्षे जास्त पोसतात. १५ वर्षे ओढणाऱ्याची वार्षिक वाढीव जोखीम १ धरली, तर तितक्याच सिगारेटी ३० वर्षे ओढणाऱ्याची सुमारे २० आणि ४५ वर्षांनंतर सुमारे १०० होते. दवाखान्यात विचारला जाणारा ‘पॅक-इयर’ (रोजची पाकिटे गुणिले वर्षे) इथेच तोकडा पडतो. रोज २ पाकिटे १० वर्षे काय किंवा अर्धे पाकीट ४० वर्षे काय, उत्तर २०च येते. कर्करोगाचा धोका मात्र दुसऱ्याला कितीतरी जास्त. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत.

हृदयाचा हिशेब निराळा. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही, २० ओढणाऱ्याच्या वाढीव जोखमीच्या जवळपास निम्मी जोखीम असते. त्यामुळे ‘कमी केली’ म्हणून निर्धास्त राहणे फार महागात पडते.

सोडणाऱ्यांना मिळालेली वर्षेही याच अभ्यासाने मोजली: साठीत सोडल्यास सुमारे ३, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, तिशीत जवळपास सगळी १०. हे आकडे वाचताना एक भान हवे. कित्येकजण छातीत दुखू लागल्यावर किंवा दम लागू लागल्यावरच सोडतात. त्यामुळे नुकतीच सोडलेल्यांत मृत्यू जास्त दिसतात आणि ‘सोडली आणि गेला’ अशी समजूत पसरते. त्याला नेणारा आजार सोडण्याआधीच जडलेला असतो.