निवडक पेशीनाश
मेंदूतील किंवा मज्जारज्जूतील एकाच प्रकारच्या चेतापेशी मारायच्या, शेजारच्या शक्यतो शाबूत ठेवायच्या आणि प्राण्याची हालचाल कशी बिघडते ते पाहायचे, अशी ही प्रायोगिक पद्धत आहे. पूर्वी मेंदूचा एखादा भाग सरसकट जाळला किंवा कापला जाई. पण स्ट्रायटममध्ये, म्हणजे हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या खोल भागात, हालचालीला चालना देणाऱ्या आणि तिला आवर घालणाऱ्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात. सगळ्याच गेल्या तर दोष कोणाला द्यायचा?

यावर घटसर्पाचे विष कामी आले. हे विष पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. त्याला आत घेणारा ग्राही (पेशीवरचे रसायन पकडणारे प्रथिन) माणसाच्या पेशींवर असतो. उंदराच्या ग्राहीला मात्र ते चिकटत नाही. म्हणून मानवी ग्राहीचे जनुक उंदराच्या ठरावीक पेशींतच बसवतात आणि मग विष टोचतात. अशा रीतीने स्ट्रायटममधील डी-२ ग्राही (डोपामीन या संदेशवाहक रसायनाचा एक ग्राही) असलेल्या पेशी मारल्यावर उंदीर थंडावले नाहीत, उलट जास्तच धावू लागले. या पेशी लगाम घालतात, हे त्यातून पक्के झाले.

मज्जारज्जूतील व्ही-० नावाच्या चेतापेशींचा प्रयोग याहून बोलका आहे. डाव्या-उजव्या पायांची आळीपाळी या पेशी राखतात. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील ओले कीन यांच्या गटाने २०१३ साली उंदरांतील त्या समूळ काढल्या, तेव्हा दोन्ही बाजूंचे पाय प्रत्येक वेगाला एकदमच पडू लागले. चाल सशासारखी, उड्यांची झाली. फक्त दमनकारी (इतर पेशींना शांत करणाऱ्या) व्ही-० पेशी काढल्यास आळीपाळी कमी वेगात मोडते, फक्त उत्तेजक (इतरांना चेतवणाऱ्या) काढल्यास जास्त वेगात. चालणे आणि दुडकणे यांसाठी वेगवेगळ्या जोडण्या आहेत, हे नुसत्या निरीक्षणातून कधी कळले नसते.

निष्कर्ष काढताना मात्र जपावे लागते. जपानमध्ये २००० साली स्ट्रायटमच्या एकाच बाजूच्या ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या पेशी मारल्या, तेव्हा उंदीर आधी गोल गोल फिरू लागले आणि मग हळूहळू सावरले. मेलेल्या पेशी परत आल्या नव्हत्या. उरलेल्या जाळ्याने स्वतःला जुळवून घेतले होते. डोपामीनचे काम औषधाने वाढवले किंवा रोखले की फिरणे पुन्हा दिसे. त्यामुळे नाशानंतर लगेच दिसणारा आणि काही आठवड्यांनी दिसणारा परिणाम वेगळा नोंदवावा लागतो. गर्भावस्थेपासूनच पेशी नसतील, तर ही तुलनाही करता येत नाही.

पेशी तात्पुरत्या गप्प करण्याची प्रकाशाधारित तंत्रे आता हाताशी आहेत. तरी पार्किन्सनसारख्या आजारात पेशी कायमच्याच जातात, म्हणून त्याच्या अभ्यासात ६-हायड्रॉक्सिडोपामीन हे विषारी रसायन टोचून डोपामीन पेशी मारण्याची जुनी रीत अजून चालू आहे.