पंचविशीचा आकडा आणि मुलांच्या हातातली गाडी

अल्पवयीन मुलाच्या हातून अपघात झाला की ‘मेंदू पंचविशीपर्यंत तयार होत नाही’ हे वाक्य हमखास कानावर येतं. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि आरोपी १७ वर्षांचा निघाला, तेव्हाही ते आलंच. निबंध, जामीन, रक्ताचे नमुने हे वाचकांना पाठ आहे. २५चा आकडा मात्र नीट तपासायला हवा, कारण तो कायद्यातही शिरला आहे.

मेंदूच्या अभ्यासात तो इतका ठाम कधीच नव्हता. १९९०च्या दशकात एमआरआयमुळे निरोगी मुलांचे मेंदू वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा पाहता येऊ लागले. २००४चा गाजलेला अभ्यास अवघ्या १३ जणांचा, वय ४ ते २१. घाईला आवर घालणारा कपाळामागचा भाग उशिरा पक्व होणाऱ्या भागांपैकी एक, हे त्यात दिसलं. पण २१च्या पुढचं त्यात काहीच नव्हतं. बदल विशीतही चालू राहतात हे खरं. मात्र २५व्या वाढदिवसाला ते थांबतात, असं कुणी मोजून दाखवलेलं नाही. महाराष्ट्रात दारूला २५ची अट आहे (बिअरला २१), तिचाही एमआरआयशी संबंध नाही.

गाडीच्या बाबतीत २००५चा एक प्रयोग जास्त कामाचा. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४च्या पुढचे असे तीन गट केले. पडद्यावरच्या खेळात सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी दामटायची की थांबायचं, एवढाच प्रश्न. मित्र बघायला असले की लहान वयाच्या खेळाडूंनी गाडी जास्त दामटली. मोठ्यांना त्याने फारसा फरक पडला नाही. क्लास सुटल्यावरची ट्रिपल सीट रोज तेच सांगते.

न्यूझीलंडने तर १९८७मध्येच टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. सोबत अनुभवी चालक नसेल तर नवख्याला रात्री उशिरा गाडी काढायची नाही, मित्रांना बसवायचं नाही. त्यासाठी मेंदूच्या स्कॅनची वाट कुणी पाहिली नाही. आपल्याकडे लर्निंगनंतर महिन्याभराने टेस्ट, मैदानात आठचा आकडा काढून दाखवायचा, आणि पक्कं लायसन्स हातात पडलं की चार मित्र भरून रात्री एक्स्प्रेसवेला लागायला मोकळे!

मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत २५ अवतरला तो शिक्षा म्हणून. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याला २५व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. म्हणजे सगळा जोर गुन्हा घडल्यानंतरच्या कारवाईवर.

सोळाव्या वर्षीच्या लायसन्सचा घोळ त्याहून जुना. १९८८च्या कायद्यात ही मुभा बिनगिअरच्या दुचाकीला होती, १९९४च्या दुरुस्तीने ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला झाली. पेट्रोलवरची ५० सीसीची नवी गाडी आज शोरूममध्ये जवळजवळ मिळत नाही. मग त्या लायसन्सवर घरातली ११० सीसीची स्कूटर निघते. शेजारपाजारचे म्हणतात, पोरीकडे लायसन्स आहे की! त्या गाडीपुरतं ते नसल्यासारखंच, आणि स्कूटर वडिलांच्या नावावर.