कुलूप निबंधाला नाही, एका प्रतीला

शोधनिबंधाच्या पानावर पैसे भरण्याची चौकट दिसली की विकसनशील देशांतले कितीतरी विद्यार्थी सारांश वाचून परत फिरतात. पण बंद असते ती प्रकाशकाने मांडणी करून छापलेली अंतिम प्रत. त्याच निबंधाच्या आणखी दोन प्रती असू शकतात. एक तज्ज्ञ-परीक्षणापूर्वीची, म्हणजे प्रीप्रिंट. दुसरी परीक्षणानंतर स्वीकारलेलं लेखकाचं हस्तलिखित. बरेच प्रकाशक हे हस्तलिखित ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात ठेवू देतात. मजकूर जवळपास तोच, फक्त छापील पृष्ठक्रमांक नसतात.

अशी खुली प्रत शोधायची किल्ली म्हणजे डीओआय, निबंधाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक. सुरुवातीला ‘१०.’ आणि नोंदणी करणाऱ्याचा क्रमांक, मग तिरपी रेघ, पुढे त्या निबंधाची खूण. निबंधाचा वेबपत्ता बदलला तरी डीओआय तोच राहतो. प्रकाशकाने फक्त मध्यवर्ती नोंदीत नवा पत्ता भरायचा असतो. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरचं मोफत एक्स्टेंशन पानावरचा डीओआय ओळखतं, खुल्या प्रतींच्या सूचीशी ताडून पाहतं, आणि प्रत सापडली तर कडेला उघड्या कुलपाची हिरवी पट्टी दाखवतं. डीओआय स्वतः चिकटवून शोधत असाल तर घोटाळा बहुतेक वेळा नक्कल करताना होतो: वाक्याचा पूर्णविराम सोबत येतो, किंवा पीडीएफमध्ये ओळ तुटते तिथे मध्येच मोकळी जागा शिरते. एका चिन्हाचा फरक पडला तरी शोध फसतो. मग शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा आणि निकालाखालच्या ‘सर्व आवृत्त्या’ उघडा.

‘संशोधनाने सिद्ध झालं’ म्हणत फिरणाऱ्या चमत्कारी उपायांच्या संदेशांनाही आधी डीओआय विचारा. तो मिळाला म्हणजे दावा खरा ठरला असं मात्र नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही डीओआय घेतात.

संस्थेसाठी वेगळी वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ‘हिनारी’ सुरू केलं; त्यातून गरीब देशांतल्या संस्थांना आरोग्यविषयक नियतकालिकं वाचता येतात. आज ते ‘रिसर्चफॉरलाइफ’ या अशाच कार्यक्रमांच्या समूहाचा भाग आहे. सर्वांत गरीब देशांतल्या संस्थांना ते मोफत, पुढच्या गटाला अल्प वार्षिक शुल्कात मिळतं. नोंदणी संस्थेचीच होते, एकट्या वाचकाची नाही. पात्र देश असला तरी एखादा प्रकाशक त्याला वगळू शकतो, म्हणून यादीत नियतकालिक दिसूनही निबंध उघडत नाही, असं होतं.

तरीही निबंध हाती लागला नाही, तर सारांशाच्या पानावर लेखकाचा पत्रव्यवहाराचा ई-मेल असल्यास त्यावर दोन ओळी लिहा: निबंधाचं शीर्षक, डीओआय आणि प्रत कशासाठी हवी ते.