टेललाईटमधलं पाणी येतं कुठून?

सोलापूरला खरा पाऊस सप्टेंबरात, जून-जुलै तर नुसतं आभाळाकडं बघण्यात जातात. त्या पावसानंतर सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहून पुढच्या गाड्या बघा, एखादीच्या तरी मागच्या लाईटमध्ये आतून वाफ धरलेली दिसतेच. माझ्या गाडीच्या डाव्या टेललाईटमध्ये वाफ नव्हती, तळाला चांगलं चमचाभर पाणी होतं आणि ब्रेक मारला की ते डुचमळायचं.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिथंच सगळे फसतात.

टेललाईट कधीच हवाबंद नसतो. ब्रेकचा साधा बल्ब 21 वॅटचा, तो तापला की आतली हवा फुगते आणि बाहेर जायला बघते, गार झाला की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. म्हणून कंपनीच मागं ब्रीदर ठेवते, म्हणजे छोटी वाकडी रबरी नळी नाहीतर हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी चकती. आता पावसाळ्यातली दमट हवा आत गेली आणि रात्री काच गार पडली की काचेवर बारीक थेंब धरणारच, गरम भाकरी डब्यात झाकून ठेवली की झाकणाला पाणी सुटतं ना, तसंच. लाईट थोडा वेळ चालू राहिला की जातं ते. एलईडी असेल तर काच फारशी तापत नाही म्हणून वाफ जायला जास्त वेळ लागतो, तेवढंच.

पण साचलेलं पाणी हवेतून येत नाही. हिशोब करा, 30 अंशाला पूर्ण दमट हवेत सुद्धा लिटरमागे साधारण 30 मिलिग्रॅमच पाणी असतं, म्हणजे एक थेंबसुद्धा नाही. चमचाभर म्हणजे 5000 मिलिग्रॅम. एवढं पाणी दिसलं की कुठूनतरी शिरतंय असंच धरायचं.

मी आधी चूक केली ती सांगतो, कारण बरेच जण तीच करतात. सिलिकॉनची ट्यूब आणली आणि काचेभोवतीची फट सगळी भरून टाकली. पुढच्या पावसात पाणी आणखी वाढलं! मग शांतपणे डिकीतनं 10 नंबरच्या पान्यानं नट काढून लाईट बाहेर घेतला तर ब्रीदरच्या तोंडात वाळलेल्या मातीचा गोळा, कुंभारीण माशीनं घर केलेलं. आणि बॉडीला टेकणारं होल्डरजवळचं रबर उन्हानं कडक होऊन एका कोपऱ्यात चिरलेलं, नख लावलं तर तुकडाच निघाला. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, त्यात उन्हात उभ्या गाडीचं रबर किती टिकणार.

म्हणजे झालं काय, श्वास घ्यायची वाट बंद. तापलेला लाईट पावसानं गार झाला, 60 वरून 30 अंशावर आला तर आतला दाब सुमारे 9 टक्के कमी होऊ शकतो, आणि नुसत्या एक टक्क्यानं सुद्धा पाणी जवळजवळ 10 सेंटिमीटर वर ओढलं जातं. मग ते चिरेतनं आत येणारच. फट बुजवली पण ओढ तशीच राहिली.

दुरुस्ती अशी केली. होल्डर काढून पाणी ओतलं, ब्रीदर तारेनं साफ केला, दिवसभर गच्चीवर सावलीत उघडा ठेवून सुकवला. हेअर ड्रायर वापरायचा तर कमी गरमवर आणि लांबून, काच ॲक्रिलिकची असते, 100 अंशाच्या आसपास मऊ पडते. मग होल्डरची भोकं आणि ब्रीदर टेपनं बंद करून लाईट बादलीत दाबला. बुडबुडे येतील तिथं फट, माझ्या लाईटच्या काचेच्या जोडावर एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे पाणी त्या रबरातनंच येत होतं. रबर नवीन टाकलं आणि ब्रीदरची टेप आठवणीनं काढली.

सिलिकॉन लागलंच तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातलं ॲसिड तांब्याला खातं. होल्डरच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला असेल तर तो घासून घ्या, कारण पाण्यानं आधी तिथला संपर्क जातो आणि पुणे रोडला रात्री मागं ट्रक असताना आपला ब्रेकलाईट लागलाच नाही तर त्या ड्रायव्हरला कळणार कसं.

ब्रीदरच्या तोंडाला आता फोमचा पातळ तुकडा लावलाय, दर मे महिन्यात तो काढून बघतो.