सेहेचाळीसचा आकडा आणि एकविसावे गुणसूत्र

डाउन सिंड्रोम या बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या जन्मजात स्थितीतील बहुतेक व्यक्तींच्या पेशींमध्ये ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे आज शाळेच्या पुस्तकातही वाचायला मिळते. पण ते सिद्ध व्हायला १९५९ साल उजाडावे लागले. जॉन लँगडन डाउन या इंग्लिश वैद्याने या स्थितीचे वर्णन १८६६ मध्ये, म्हणजे मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध छापला गेला त्याच वर्षी केले होते. चेहरेपट्टीवरून त्याने तिचा संबंध मंगोल वंशाशी जोडला आणि त्यावरून पडलेले चुकीचे वंशवाचक नाव पुढे जवळजवळ शंभर वर्षे चालू राहिले.

कारणाचा अंदाज मात्र कोणालाच नव्हता असे नाही. वार्डेनबुर्ख या डच नेत्रतज्ज्ञाने १९३२ मध्येच गुणसूत्रांच्या वाटणीतील बिघाडाची शक्यता मांडली होती आणि पुढच्याच वर्षी लायोनेल पेनरोझ यांनी ही स्थिती वडिलांच्या नव्हे, तर आईच्या वयाशी निगडित असल्याचे दाखवले. अडचण होती ती मोजणीची. टेक्सासमधील थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये माणसाची गुणसूत्रे ४८ असल्याचे जाहीर केले होते, आणि एकमेकांवर चढलेल्या गुणसूत्रांच्या पुंजक्यात पुढील तीस वर्षे बहुतेकांना ४८ च दिसत राहिली. १९५२ मध्ये टी. सी. शू यांना पेशी सौम्य क्षारद्रावणात फुगवून गुणसूत्रे सुटी करण्याची युक्ती गवसली, तीही प्रयोगशाळेत कोणीतरी द्रावण चुकीचे बनवल्यामुळे; पण स्वच्छ चित्र समोर असूनही त्यांनी स्वतः ४८ च मोजली. पूर्वग्रहाचे याहून बोलके उदाहरण विज्ञानात क्वचितच सापडेल.

डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे, जावात जन्मलेल्या जो हिन त्यो यांना गर्भाच्या फुप्फुसाच्या पेशींत वारंवार ४६ च गुणसूत्रे आढळली, आणि आल्बर्ट लेव्हान यांच्यासह त्यांनी ती नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. मूळ आकडा पक्का झाल्यामुळे आता कमीजास्त ओळखता येणार होते. पॅरिसमध्ये मार्त गोतिए यांनी अपुऱ्या साधनांनिशी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, प्रसंगी स्वतःच्या रक्ताचा द्रव वापरला आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एक जादा गुणसूत्र पाहिले. छायाचित्रे काढण्यासाठी त्यांच्या काचपट्ट्या झेरोम लेझ्यून यांनी नेल्या. जानेवारी १९५९ च्या निबंधात लेझ्यून यांचे नाव पहिले होते, आणि गोतिए यांचे दुसरे, तेही चुकीचे छापलेले. श्रेयाचा हा वाद २०१४ पर्यंत धुमसत होता.

मूळ दोष बहुतेक वेळा अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात असतो: जोडीतील दोन गुणसूत्रे वेगळी होत नाहीत, दोन्ही एकाच बीजपेशीत जातात आणि फलनानंतर त्यांची संख्या तीन होते. त्याच १९५९ साली एडिंबरोच्या पॅट्रिशिया जेकब्स यांनी पुरुषांमधील क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये एक्स हे लिंगगुणसूत्र जादा, तर चार्ल्स फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांमधील टर्नर सिंड्रोममध्ये एकच एक्स असल्याचे दाखवले. १९६० मध्ये अठराव्या व तेराव्या गुणसूत्रांच्या त्रिगुणनाची, म्हणजे दोनऐवजी तीन प्रती असण्याची, भर पडली.

त्याच वर्षी डेन्व्हर येथे गुणसूत्रांना लांबीच्या उतरत्या क्रमाने क्रमांक देण्यात आले आणि डाउन सिंड्रोममधील जादा गुणसूत्र एकविसावे ठरले. पुढे उघड झाले की एकविसावे गुणसूत्र बाविसाव्याहूनही लहान आहे. पण तोवर ‘२१’ हा आकडा डाउन सिंड्रोमशी इतका जोडला गेला होता की क्रम बदलण्याऐवजी अपवादच कायम ठेवण्यात आला. वंशवाचक नाव मात्र बदलले गेले: ते सोडावे असे पत्र १९६१ मध्ये एकोणीस शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते वगळले.